आपल्याकडील होकुसाईची ‘लाट’ नेमकी कोणत्या ठशांवरून आली, हे कसे तपासावे?

आपण कळवले आहे की आपल्या सासऱ्यांनी १९७० च्या दशकात नोकरीनिमित्त जपानमध्ये असताना विकत घेतलेले, जपानी चित्रकार होकुसाई याचे ‘कानागावाजवळील मोठी लाट’ हे चित्र आता आपल्या पुण्याच्या घरी आहे. त्यातील आकाशाचा रंग मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरील चित्रांशी जुळत नाही, आणि म्हणून ते मूळ चित्र आहे की नक्कल, तसेच होकुसाईने ते स्वतःच्या हाताने छापले असेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात काचेवर खिडकीचे प्रतिबिंब पडले असल्यामुळे त्यावरून निर्णय देणे योग्य ठरणार नाही. मात्र मी स्वतः लाकडी ठशांवरून, पाण्यात कालवलेल्या रंगांनी मुद्राचित्रे छापतो आणि ते काम शिकवतोही. त्यामुळे हे चित्र हाती घेतल्यावर मी कोणत्या क्रमाने आणि का तपासेन, एवढे मात्र खात्रीने सांगू शकतो. त्यातील बरीचशी तपासणी आपण घरीही करू शकाल.

प्रथम प्रश्नाची मांडणीच थोडी बदलावी लागेल. तैलचित्रात कलावंताच्या हातचे एक चित्र असते आणि बाकीच्या सगळ्या नकला असतात. या चित्राचे तसे नाही. होकुसाईने पातळ कागदावर काढलेले रेखाटन कोरणाऱ्या कारागिराने चेरीच्या फळीवर उलटे चिकटवले आणि त्याच्या आरपार लाकूड कोरले. या कामात ते रेखाटन नष्ट होणे अटळच होते. म्हणजे जिला आपण मूळ म्हणावे अशी एकमेव वस्तू १८३१ च्या सुमारासच संपली. उरले ते ठसे आणि त्या ठशांवरून छापलेल्या हजारो प्रती, ज्या सगळ्या सारख्याच हक्काने होकुसाईच्या आहेत. म्हणून आपला खरा प्रश्न असा आहे की आपल्याकडील कागद एदो (आजचे टोकियो) शहरातील प्रकाशक निशिमुराया योहाची याच्या त्या पहिल्या ठशांवरून छापला गेला, नंतरच्या काळात कोणीतरी नव्याने कोरलेल्या ठशांवरून छापला गेला, की छायाचित्रावरून यंत्राने छापला गेला. या तिन्ही शक्यतांची तपासणी वेगवेगळी आहे आणि त्यांतील शेवटची सर्वांत लवकर निकालात निघते, म्हणून मी नेहमी तेथूनच सुरुवात करतो.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे आहे. लाटेच्या मधल्या निळ्या भागावर आणि आकाशाच्या फिकट भागावर ते धरून पाहावे. निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ते ऑफसेट छपाईचे चित्र आहे. रंगांच्या सूक्ष्म शिंतोड्यांनी भाग भरलेला दिसला तर ते संगणकीय छपाईचे आहे. कोलोटाइप नावाची एक जुनी आणि फार सुंदर पद्धत होती, तिच्यात ठिपक्यांची जाळी नसते, पण रंगात अत्यंत बारीक, वळवळत्या सुरकुत्यांसारखा पोत दिसतो. लाकडी ठशाच्या छपाईत यांपैकी काहीच दिसत नाही. तेथे रंग कागदाच्या तंतूंमध्ये मुरलेला असतो, कोठे कोठे लाकडाच्या शिरांची नक्षी उमटलेली असते आणि प्रत्येक रंग एकसंध असतो. गडदाकडून फिकटाकडे हळूहळू जाणारी छटादेखील ठिपक्यांतून साधलेली नसते, तर ओल्या ठशावर ब्रशाने रंग विरळ करत नेऊन साधलेली असते.

यानंतर कागदाची मागील बाजू पाहावी. माझ्या अनुभवात ती पुढील बाजूपेक्षा अधिक सांगते. जपानी छपाईत यंत्राचा दाब नसतो. रंग आणि भाताची खळ लावलेल्या ठशावर ओलसर कागद ठेवून त्याच्या पाठीवर बारेन नावाची, बांबूच्या पानाने मढवलेली चपटी चकती हाताने घासतात. त्यामुळे रंग आत दाबला जाऊन मागे स्पष्टपणे झिरपलेला दिसतो, आणि तिरका प्रकाश पाडला तर बारेनचे वळणदार ओरखडेही ओळखू येतात. कोझो या तुतीच्या कुळातील झुडपाच्या सालीपासून केलेला हा कागद लांब तंतूंचा असतो, म्हणूनच तो हे सगळे सोसतो. पण येथे एक सूचना आवर्जून देतो: चित्र चौकटीच्या पाठीला डिंकाने किंवा चिकटपट्टीने चिकटवलेले असेल तर ते स्वतः सोडवू नये. जुना कागद पाठीच्या बाजूने पापुद्र्यासारखा सुटतो, आणि मग पुढील सगळी तपासणीच अशक्य होते.

मागे रंग झिरपलेला दिसला, भिंगातून ठिपके दिसले नाहीत, तर आपल्याकडे हाताने छापलेले चित्र आहे हे निश्चित झाले. मात्र ते १८३१ चे आहे, असे अद्याप सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींतील अंतर समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक निराशा आणि बहुतेक फसवणूक याच टप्प्यावर होते. हे चित्र जगभर इतके मागितले गेले की मेइजी काळापासून (म्हणजे १८६८ नंतर) आजपर्यंत जपानमधील अनेक कार्यशाळांनी त्याचे ठसे नव्याने कोरले. टोकियोतील अदाची ही संस्था आजही पारंपरिक साधनांनी, चेरीच्या लाकडावर, कोझोच्या कागदावर हे चित्र छापते. त्या प्रतींमध्ये लबाडी मुळीच नसते. त्या पुनर्निर्मिती म्हणूनच विकल्या जातात. परंतु चाळीस-पन्नास वर्षे एका घरात राहिल्यावर, खरेदीची पावती हरवल्यावर आणि कागद जरासा पिवळसर झाल्यावर कोणालाही ती प्रत जुनी वाटू शकते.

यातून निवाडा करायचा तो रेषेवरून. लाकडी ठशातील रेषा ही काढलेली नसते, ती शिल्लक ठेवलेली असते: कोरणारा तिच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरवतो आणि मधली केसाएवढी भिंत उभी राहते. लाटेच्या टोकाशी ज्या फेसाच्या नख्या आहेत, त्यांतील प्रत्येक वळणाला दोन स्वतंत्र काप लागतात आणि ते दोन्ही काप हाताच्या एका ओघात यावे लागतात. पहिल्या कोरणाऱ्यासमोर होकुसाईच्या कुंचल्याची जिवंत रेषा होती. नंतरच्या कोरणाऱ्यासमोर छापलेली प्रत होती, म्हणजे त्याला दुसऱ्याच्या सुरीचा माग काढत जावे लागले. तो कितीही निष्णात असला तरी शेकडो वळणांत आणि फेसाच्या शेकडो ठिपक्यांत कोठे तरी अंशाचा फरक पडतोच. म्हणून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने किंवा शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने खुले ठेवलेले मोठ्या आकाराचे छायाचित्र पडद्यावर घ्यावे आणि आपले चित्र त्याच्याशेजारी ठेवून फुजी पर्वताच्या वर पडणारे तुषार एकेक करून तपासावेत. ठिपक्यांच्या जागा, त्यांचे आकार आणि परस्परांतील अंतरे सर्वत्र जुळली पाहिजेत. दोन-तीन ठिपके जरी सरकलेले आढळले, तरी ठसा वेगळा आहे.

येथे झीज आणि नवे कोरीवकाम यांची गल्लत होऊ शकते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. एकाच ठशावरून हजारो प्रती काढल्या की लाकूड ओले होऊन फुगते, वाळून आक्रसते, घासले जाते. बारीक रेषा बोथट आणि जाड होतात, काही तुटतात. पण झिजलेली रेषा आपली जागा सोडत नाही. नव्याने कोरलेली रेषा मात्र स्वच्छ, टोकदार आणि अखंड असूनही किंचित दुसऱ्या जागी असते. त्यामुळे तुटकी रेषा पाहून चित्र खोटे मानणे जितके चुकीचे, तितकेच सुबक रेषा पाहून ते खरे मानणेही चुकीचे. ब्रिटिश म्युझियममधील वैज्ञानिक कॅप्युसिन कोरेनबर्ग यांनी जगभरातील संग्रहांत या चित्राच्या शंभराहून थोड्या अधिक प्रती शोधून काढल्या आणि रेषांतील अशाच खंडांवरून त्यांचा आधीनंतरचा क्रम लावला. त्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे डाव्या कोपऱ्यातील शीर्षकाची उभी चौकट. सुरुवातीच्या प्रतींत तिच्या रेषा सलग आहेत आणि पुढील प्रतींत डावीकडच्या रेषेत खंड पडलेले दिसतात. एका अंदाजानुसार त्या ठशांवरून आठ हजारांपर्यंत प्रती छापल्या गेल्या असाव्यात. त्यांची किंमत त्या काळी एखाद-दोन वाडगे नूडल्सएवढी होती आणि त्या जपून ठेवण्याची वस्तू म्हणून घेतल्याच जात नव्हत्या, त्यामुळे उरलेल्या इतक्या थोड्या असाव्यात याचे मला आश्चर्य वाटत नाही.

आता आकाशाच्या रंगाविषयी, ज्यावरून आपली शंका सुरू झाली. माझे स्पष्ट मत आहे की रंग हा या प्रकरणातील सर्वांत कमकुवत साक्षीदार आहे. सुरुवातीच्या प्रतींच्या आकाशात फिकट गुलाबी ढगाची छटा होती; ती प्रकाशाने इतकी उडून जाते की अनेक प्रतींत आज ती शोधावी लागते. रंग प्रत्येक वेळी छापणारा स्वतः कालवत असे, त्यामुळे एकाच ठशाच्या दोन घाण्यांत फरक पडणे साहजिक होते, आणि मागणी वाढल्यावर प्रकाशक खर्च वाचवण्यासाठी एखादी छटा गाळतही असे. स्वतः मोठमोठ्या संग्रहालयांतील प्रतीदेखील एकमेकींशी जुळत नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये तीन प्रती आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर आकाशे वेगवेगळी दिसतील. तेव्हा आपले आकाश जुळत नाही एवढ्यावरून चित्राविरुद्ध काहीही सिद्ध होत नाही.

मात्र रंगाची एक गोष्ट मी अवश्य तपासतो, आणि ती म्हणजे बाह्यरेषांचा रंग. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या मालिकेत प्रत्यक्षात ४६ चित्रे आहेत. पहिल्या ३६ चित्रांना मिळालेल्या लोकप्रियतेमुळे प्रकाशकाने आणखी १० जोडली. पहिल्या ३६ चित्रांच्या बाह्यरेषा काळ्या शाईऐवजी निळ्यात छापल्या गेल्या होत्या आणि ‘लाट’ त्यांतलीच आहे. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी शोध लागलेला प्रशियन निळा रंग नागासाकी बंदरातून जपानमध्ये येत असे आणि १८३० च्या सुमारास तो इतका स्वस्त झाला की वाडगाभर नूडल्सच्या दरातील चित्रांतही वापरता येऊ लागला. प्रकाशकाने १८३१ मध्ये या मालिकेची जाहिरातच निळ्या रंगातील चित्रे म्हणून केली होती. रासायनिक तपासणीत या चित्रात प्रशियन निळ्याबरोबर पारंपरिक नीळही सापडली आहे. म्हणून आपल्या चित्रात लाटेची बाह्यरेषा भिंगाखाली शुद्ध काळी दिसली, तर ते पहिल्या ठशावरचे नसण्याची शक्यता बरीच वाढते. उलट ती निळी दिसली तर केवळ शंका दूर होते, पुरावा मिळत नाही, कारण चांगल्या कार्यशाळा हेही तंतोतंत पाळतात.

आकारही मोजावा. मूळ प्रतीचा कागद साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटर असतो. बऱ्याच जुन्या प्रती एके काळी वह्यांमध्ये चिकटवलेल्या असल्यामुळे त्यांच्या मध्यभागी उभी घडी असते आणि कडा छाटलेल्या असतात. त्यामुळे आकार थोडा लहान असेल तर घाबरू नये; चित्राचा भागच लक्षणीय मोठा किंवा लहान असेल तर मात्र तपास तेथेच थांबतो. तसेच खालच्या किंवा बाजूच्या कोऱ्या पट्टीत, अथवा मागील बाजूस, एखादा छोटा शिक्का किंवा छापील मजकूर आहे का ते पाहावे. पुनर्निर्मिती करणाऱ्या अनेक कार्यशाळा आपले नाव तेथे नोंदवतात आणि चौकट करणाऱ्याने माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली) ते झाकलेले असते.

येथपर्यंतचा क्रम थोडक्यात असा झाला: आधी भिंगाने यंत्राची छपाई बाजूला काढणे, मग पाठीवरून हाताची छपाई निश्चित करणे, त्यानंतर फेसाच्या ठिपक्यांवरून ठसा तोच आहे का हे पाहणे, आणि ठसा तोच निघाला तरच शीर्षकाच्या चौकटीतील रेषांच्या खंडांवरून प्रत किती आधीची हे ठरवणे. यांपैकी तिसरी पायरी पार झाली तर घरगुती तपासणी थांबवून एखाद्या संग्रहालयाच्या कागद-संवर्धकाला किंवा जपानी मुद्राचित्रांचा लिलाव करणाऱ्या संस्थेला प्रत्यक्ष चित्र दाखवणे भाग आहे, कारण तेथून पुढे रकमा फार मोठ्या आहेत. २०२३ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात एक उत्तम प्रत सुमारे २७ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. १९७० च्या दशकात नोकरीच्या पगारातून, दुकानात विकत घेतलेली प्रत तशी असण्याची शक्यता कमी आहे, हे मी आधीच प्रांजळपणे सांगतो. परंतु तेव्हा ती किती किमतीला आणि कोणत्या प्रकारच्या दुकानातून घेतली, हे घरातील कोणाला आठवत असेल तर त्या माहितीला महत्त्व आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की होकुसाईने हे चित्र स्वतः छापले नाही आणि स्वतः कोरलेही नाही. त्या व्यवसायाची रचनाच तशी होती: भांडवल आणि निर्णय प्रकाशकाचा, रेखाटन चित्रकाराचे, ठसा कोरणाऱ्याचा, रंग छापणाऱ्याचा. चित्रावर सही एकट्या होकुसाईची आहे. ‘लाट’ कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव त्या कागदावर कोठेही नाही. स्वतः हे काम करणारा माणूस म्हणून मला ही उणीव नेहमी जाणवते, कारण फेसाच्या त्या नख्या ज्या हाताने लाकडातून सोडवल्या, तो हात रेखाटणाऱ्या हाताहून उणा नव्हता.

तरीही होकुसाईचा वाटा केवळ रेखाटनापुरता मानणे अन्यायाचे होईल, आणि त्याचे कारण त्याच्या आयुष्यात आहे. १७६० मध्ये एदोत जन्मलेला होकुसाई वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कात्सुकावा शुन्शो या चित्रकाराकडे शिष्य म्हणून गेला, पण त्याआधी किशोरवयात काही वर्षे तो ठसे कोरण्याचेच काम शिकला होता. सुरी कोठे वळू शकते आणि कोठे अडते, हे त्याला हातानेच ठाऊक होते. पुढे म्हातारपणी प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रांत तो एगावा तोमेकिची या कोरणाऱ्याकडेच काम सोपवावे असा आग्रह धरतो आणि आपल्या रेषा बिघडवणाऱ्या कोरणाऱ्यांविषयी तक्रार करतो. ‘लाटे’ची प्रत्येक रेषा कोरता येईल अशीच काढलेली आहे, तिच्यात कुंचल्याचा एकही असा फटकारा नाही, ज्याला लाकडात सोडून द्यावे लागले असते.

ही लाटही त्याने एका बैठकीत काढलेली नाही. १७९७ च्या सुमारास त्याने एनोशिमाच्या किनाऱ्यावर उठणारी लाट आणि मागे फुजी असे चित्र केले. त्यातील लाट अजून मवाळ आहे. १८०३ च्या सुमारास होनमोकुच्या समुद्रातील जहाजावर झुकलेली लाट आली, आणि १८०५ च्या सुमारास मासे वाहून नेणाऱ्या जलद नौका लाटांतून वल्हवत असलेले चित्र, ज्याला त्याने युरोपीय तांब्याच्या पत्र्यावरील छापांसारखी चौकट दिली आणि सहीदेखील आडवी केली. त्या चित्रांतील लाटा जड आहेत, फेस कडेला झालरीसारखा आहे. पंचवीस वर्षांनी, वयाच्या सत्तरीत, नातवाच्या कर्जांनी गांजलेला असताना त्याने तोच विषय पुन्हा घेतला. तेव्हा ३,७७६ मीटर उंचीचा फुजी लाटेच्या पोकळीत एखाद्या छोट्या लाटेएवढा झाला, तीन नौकांतील नावाडी वल्ह्यांवर वाकले, आणि फेसाला पकडणारी बोटे फुटली. जपानी वाचक उजवीकडून डावीकडे पाहत असल्यामुळे त्याची नजर नौकांबरोबर लाटेच्या तोंडात शिरते. आपण डावीकडून पाहतो आणि लाटेबरोबर खाली येतो. चित्र आरशात पाहिले तर तो धक्का आपल्यालाही जाणवतो, हे अवश्य करून पाहावे.

तपासणीचा निकाल काहीही लागो, चित्राची काळजी मात्र आजपासूनच घ्यावी, कारण हाताने छापलेली चांगली पुनर्निर्मिती हीसुद्धा कोणा कारागिराच्या महिनोन्महिन्यांच्या कोरीवकामाचे फळ असते. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवरून ते काढावे. संग्रहालयेदेखील मूळ प्रती थोडे दिवस दाखवून पुन्हा अंधारात ठेवतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते आणि मागील हार्डबोर्डमधून कसर शिरते, म्हणून काच आणि कागद यांत माउंटचे अंतर असावे आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा असावा. हा पुठ्ठा घेताना त्यात क्षार (अल्कली) मिसळलेला नाही याची खात्री करावी. चौकट करणारे बहुधा क्षारयुक्त पुठ्ठा चांगला म्हणून सुचवतात आणि तो इतर चित्रांना चांगलाही असतो, पण प्रशियन निळा क्षाराच्या संपर्कात तपकिरी पडतो. त्याच कारणाने डाग काढण्यासाठी साबण किंवा सोडा यांचा थेंबही कागदाला लागू देऊ नये.

शक्य झाल्यास चौकट करणाऱ्या जाणकाराकडून काच काढून घेऊन तीन छायाचित्रे पाठवावीत: शीर्षकाची चौकट जवळून, फुजी पर्वताच्या वरचे तुषार जवळून, आणि तिरक्या प्रकाशात कागदाची पाठ. त्यांवरून ठसा पहिला आहे की नंतरचा, हे बऱ्याच खात्रीने सांगता येईल.